तिसरं प्रूफ

काळाघोड्याच्या पुलावरून खाली बघ,
म्हणाला हेरंब, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून
स्वतः कठड्याला टेकून शेंगा सोलत बसला.
मला दिसला चिखल.
चिखलात फुटका माठ, चपलेचा एक पाय,
कुणीतरी सोडून दिलेली चौकट, आत देव नसलेली.
मी छत्तीस वेळा बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली,
ट्रेमध्ये कागद हलवता हलवता
सत्ताविसाव्या चिखलाला डोळे आले.
दोन.
मग नाकपुड्या. मग पाठीवरची ती रांग,
जिला मी विटांचा ढीग समजले होते.
म्हणजे सगळा वेळ ती मला बघत होती
आणि मी माठ.

जस्ताच्या पत्र्यावर मेण चढवलं,
मेणबत्तीच्या काजळीनं काळं केलं,
आणि सुईनं एकेक खवला उघडा करत गेले.
एका पाठीला अकरा दिवस.
नगीनकाका, आमच्या छापयंत्राचं चाक फिरवणारे,
रोज डोकावून विचारायचे,
"बेन, शेपटी बाकी ना अजून?
शेपटीतच तर मगर असते."
त्यांचं घर नदीपलीकडच्या उतारावर.
पुराच्या वर्षी एक मगर त्यांच्या जिन्यात
तिसऱ्या पायरीवर दोन रात्री राहून गेली.
मग तुम्ही काय केलंत?
"काय करणार? चौथीवर बसलो."

आम्लात पत्रा बुडवला की रेघांवर बुडबुडे धरतात,
ते पिसानं झाडायचे.
माझ्याकडे ढोकाचं पीस आहे,
भीमनाथच्या बाजूला, याच नदीच्या काठी सापडलेलं.
सात मिनिटं. खिडकी उघडी. खोकला.
मग धुतलेला पत्रा उजेडात तिरका धरून
नखानं तपासायचं, रेघ किती खोल गेलीय ते.

पहिलं प्रूफ फिकं.
दुसऱ्यात शेपटी शाईत बुडाली.
तिसऱ्याला शाई मलमलीनं पुसली, मग तळहातानं,
भिजवून निथळलेला कागद, वर दोन ब्लँकेटं,
आणि काकांनी चाक फिरवलं,
झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं तसं.
कागद उचलला
तर मगर डावीकडे बघत होती.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवतात,
पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं.
पण अकरा दिवस तिच्यासमोर बसल्यावर
मी ते विसरलेच होते.
कमान पलीकडे गेली होती,
वड अलीकडच्या काठावर उतरला होता,
आणि कोपऱ्यात मी हौसेनं कोरलेलं 'बडोदे'
पाठमोरं बसलं होतं.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"नदी उलटी वाहतेय."
मी म्हटलं, चुकलंच. नवा पत्रा घेते.
"कशाला? पलीकडून अशीच वाहते.
मी तिथेच राहतो ना."

कागद परत देताना
त्यांचा अंगठा पांढऱ्या समासात उमटला.
समास मळला की प्रत बाद, असा नियम.
प्रदर्शनात लागल्या त्या बारा, स्वच्छ,
पेन्सिलीनं क्रमांक, पेन्सिलीनं सही.
चार विकल्या गेल्या.
एक अलकापुरीतल्या दंतवैद्यानं नेली,
खुर्चीच्या बरोबर समोर लावलीय म्हणे,
तोंड उघडून बसलेल्या माणसाला दिसेल अशी.
तिसरं प्रूफ माझ्याकडे आहे, अंगठ्यासकट.

प्रती संपल्या की पत्रा रद्द करतात,
सुईनं आडवी फुली मारून, खोल,
पुन्हा कुणी छापू नये म्हणून.
तीन महिने झाले.
सुई हातात घेते, डोक्यापासून निघते,
पाठीवरून खाली येते,
शेपटीपाशी पोचते
आणि काकांना विचारते, चहा घ्यायचा का.